ओळख देणाऱ्याची सही

आमच्या शाखेत सागवानी लाकडाची एक लांबट पेटी होती. आत कार्डं उभी लावलेली. प्रत्येक कार्डावर खातेदाराचं नाव, खाते क्रमांक आणि खाली शाईनं केलेल्या दोन सह्या. बँकेच्या भाषेत ‘नमुना सही’. चेक आला की अधिकारी पेटीतून कार्ड काढायचे, चेकवरची सही त्याच्या शेजारी धरायचे आणि जुळली की लाल शाईनं आपली आद्याक्षरं टाकायचे. झाला चेक पास. वर्ष-दोन वर्षं त्या टेबलावर बसलं की पेटी उघडायची गरजच पडेनाशी व्हायची. सह्या डोळ्यांत बसायच्या. शेवटचं अक्षर गिळून टाकणारे मास्तर, नावाखाली दोन टिंबं देणारे वकील, ‘सौ.’ लिहायला कधीही न विसरणाऱ्या काकू.

मी १९८४ मध्ये बीएसआरबीची, म्हणजे बँकभरती मंडळाची, परीक्षा देऊन नागपूरच्या महाल भागातल्या शाखेत क्लार्क म्हणून लागले आणि २०२२ मध्ये अधिकारी म्हणून निवृत्त झाले. या अडतीस वर्षांत बँक जाडजूड लेजरांतून निघाली आणि लोकांच्या खिशातल्या फोनमध्ये जाऊन बसली. लोक या बदलाबद्दल बोलतात तेव्हा वेगाबद्दल बोलतात, सोयीबद्दल बोलतात. मला मात्र सारखी ती पेटी आठवते. समोरचा माणूस कोण, हे ठरवायची रीतच बदलली, आणि माझ्या मते बाकीचे सगळे बदल त्याच्या मागून आले.

इतवारीतले धान्याचे एक जुने व्यापारी होते. सही करून झाली की शेवटी उजवीकडे एक लांब रेघ ओढायचे, अगदी चेकच्या काठापर्यंत. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. तीन महिन्यांनी त्यांचा मुलगा चेक घेऊन आला. सही डाव्या हातानं केलेली, अक्षरं लहान मुलाच्या पाटीवरच्यासारखी, पण शेवटची रेघ तशीच, काठापर्यंत. आमच्या साहेबांनी चेक परत केला नाही. संध्याकाळी शाखा बंद झाल्यावर मला सोबत घेऊन ते इतवारीत त्यांच्या घरी गेले, पलंगाशी बसले, नवीन कार्डावर डाव्या हाताच्या दोन सह्या घेतल्या. सही जुळत नव्हती, माणूस जुळत होता. मी बँकिंगचं जे काही शिकले त्यातलं बरंचसं त्या पलंगाशी शिकले.

नियमांतही याची सोय होती, आजही आहे. खातेदार इतका आजारी असेल की सही करता येत नाही, तर अंगठ्याचा ठसा चालतो. हात उचलत नसेल तर पायाच्या अंगठ्याचाही चालतो. अट एवढीच की बँकेच्या ओळखीतल्या दोन साक्षीदारांनी तो माणूस ओळखायचा, आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असायचा. अधिकारी झाल्यावर मी एकदा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, वॉर्डात जाऊन असा पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला आहे. शिक्क्याची गादी हातात, चादर बाजूला केलेली, पाय थंड. त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करताना माझा हात कापत होता. ‘मी यांना ओळखते’ असं लिहून द्यायचं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू सांगते. ती सांगितल्याशिवाय जुन्या बँकेबद्दल हळवं होऊन लिहिणं मला खोटं वाटेल.

खातं उघडायच्या फॉर्मवर एक रकाना असायचा. ओळख देणाऱ्याचं नाव, खाते क्रमांक आणि सही. आधीच्या एखाद्या खातेदारानं लिहून द्यायचं की या व्यक्तीला मी इतक्या महिन्यांपासून ओळखतो. ती सही नसेल तर खातं नाही. १९९१ चा मे महिना होता. दुपारी बारा-साडेबाराला अयाचित मंदिराच्या बाजूला धुणीभांडी करणारी एक बाई काउंटरवर आली. पदराच्या गाठीत तीनशे रुपये होते. तिला खातं उघडायचं होतं. मी फॉर्म पुढे केला आणि म्हटलं, “ओळख आणा बाई.”

“कोनाची आनू जी?”

“जिथं काम करता त्या मालकीणबाईंची सही आणा. त्यांचं खातं असेल ना इथं?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, “त्याईले नाही सांगाचं न बाई. घरच्या मानसाले माहीत झालं का पैसे हायत, तं राहनार नाहीत.”

मी म्हटलं, नियम आहे. तिनं नोटा परत गाठीत बांधल्या आणि उन्हात निघून गेली. माझं स्वतःचं खातं त्याच शाखेत होतं. त्या रकान्यात मी सही करू शकले असते. पण मी तिला ओळखत नव्हते. तिला ओळखणारं, आणि ज्याच्या ओळखीला बँकेत किंमत आहे असं, कोणीच नव्हतं. त्या सागवानी पेटीत ज्यांची कार्डं होती ते एकमेकांना ओळखत होते. महालातला वकील इतवारीच्या व्यापाऱ्याला ओळख द्यायचा, व्यापारी आपल्या मुनिमाला. ओळखीची ती साखळी कुठल्या वस्तीपर्यंत पोहोचायची आणि कुठल्या वस्तीच्या अलीकडेच थांबायची, हे नागपुरात राहणाऱ्याला सांगायला नको. १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण १९ जुलै १९६९ ला झालं होतं, आणखी सहांचं १९८० मध्ये. बँक सगळ्यांची, असं आम्ही प्रशिक्षणात शिकलो होतो. तो रकाना मात्र फॉर्मवर तसाच राहिला. ओळखीच्या सहीची सक्ती करू नका, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना स्पष्ट बजावलं ते २०१२ च्या अखेरीस.

संगणक आमच्याकडे एकदम आला नाही. १९८३ मध्ये बँकांची व्यवस्थापनं आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. मी लागले त्याच वर्षी. युनियनच्या सभांमध्ये तेव्हा यावर कडाक्याचं बोललं जायचं. नोकऱ्या जातील ही भीती खोटी नव्हती. आमच्या शाखेत पहिली मशीन आली ती नव्वदीच्या सुरुवातीला. एएलपीएम म्हणायचे तिला, म्हणजे लेजरमध्ये नोंदी करणारी मशीन. तिच्यासाठी काचेची खोली, खोलीला एसी, आणि बाहेर चपला काढून आत जायचं. बाहेर हॉलमध्ये वाळ्याचा कूलर ४५ डिग्रीशी झुंजत असायचा आणि आत मशीन गारव्यात. मे महिन्यात प्रत्येकाला त्या खोलीत काहीतरी काम निघायचं.

त्या मशीननं आमचं काय वाचवलं ते बाहेरच्या माणसाला समजणं कठीण आहे. बॅलन्सिंगच्या दिवशी सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरच्या आकड्याशी जुळवायची असायची. जुळायची नाही. फरक ३६० रुपयांचा आला की हेड क्लार्क पहिलं विचारायचे, नऊनं भाग जातो का? जातो. म्हणजे कुणीतरी दोन आकडे उलटे लिहिलेत, ६,७३० च्या जागी ६,३७०. मग रात्री नऊपर्यंत शेकडो पानं चाळत ते दोन उलटे आकडे शोधायचे. माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. सासूबाई त्याला झोपवून वाट बघत बसलेल्या असायच्या. यंत्रानं त्या रात्री मला परत दिल्या, हे मी विसरणार नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. बचत खात्यावरचं व्याज पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळायचं. १ तारखेला पाच हजार भरले, १५ ला साडेचार हजार काढले, तर व्याज पाचशेवर. रोजच्या शिलकेवर व्याज काढणं हातानं शक्यच नव्हतं. क्लार्कनं किती खात्यांचे किती दिवस मोजायचे? १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकेवर मिळू लागलं. ज्याच्या खात्यात पैसे टिकत नाहीत, पगार आला की किराण्यात जातो, त्याला याचा फायदा झाला. रुपयांत मोजला तर थोडाच. पण तो त्याचा हक्काचा होता आणि इतकी वर्षं मिळत नव्हता.

मग आलं कोअर बँकिंग. सगळ्या शाखांची खाती एका ठिकाणी, एका संगणकावर. महालातला खातेदार आता पुण्यातूनही पैसे काढू शकणार, शाखेचा ग्राहक आता बँकेचा ग्राहक होणार. ज्या आठवड्यात आमची शाखा त्यात गेली त्या आठवड्यात आम्ही रात्र-रात्र बसून नावं तपासली. तिथं मला पहिल्यांदा चिंता वाटली. देवनागरीत ‘वासनिक’ लिहिलं की वासनिकच. इंग्रजीत कुणी डब्ल्यूनं लिहिलं होतं, कुणी व्हीनं. लेजर लिहिणाऱ्या क्लार्कला त्यानं काही फरक पडत नव्हता, तो माणसाला बघत होता. यंत्राला मात्र ती दोन वेगळी माणसं. आम्ही जमेल तेवढं सारखं केलं, तरी पुष्कळ राहिलं. पुढे आधार जोडायची वेळ आली तेव्हा तेच डब्ल्यू आणि व्ही लोकांच्या अनुदानाच्या, शिष्यवृत्तीच्या, पेन्शनच्या आड उभे राहिले. कुठल्यातरी क्लार्कनं वीस वर्षांपूर्वी घाईत लिहिलेलं एक अक्षर. कदाचित मीच लिहिलेलं.

नमुना सह्या स्कॅन झाल्या. पेटी रेकॉर्ड रूममध्ये गेली.

२८ ऑगस्ट २०१४ ला जनधन सुरू झाली. आमच्या शाखेनं वस्तीत जाऊन शिबिरं घेतली. समाजमंदिरात दोन टेबलं, एक लॅपटॉप, बाहेर रांग. त्या रांगेत बहुतेक बायकाच. कुणाला ओळख विचारायची नव्हती. आधार कार्ड, फोटो, फॉर्म. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं होतं, २०१० मध्ये. चार वर्षांत ते कार्ड या रांगेपर्यंत आलं होतं. एका बाईनं फॉर्मवर अंगठा दिला आणि विचारलं, “बस, एवढंच?” मी म्हटलं, हो, एवढंच. ती अजून उभीच. म्हणाली, “मंग माहा सासरा दोन वर्ष काऊन फिरला?” माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मला तिच्या तोंडावर देता आलं नाही.

यंत्राला तुमची जात, वस्ती, मालकीण, नवरा काही माहीत नसतं. पूर्वी हाच त्याचा दोष म्हणून आम्ही सभांमध्ये बोलायचो. त्या समाजमंदिरात मला तो गुण दिसला. १४ एप्रिल २०१७ ला, आंबेडकर जयंतीला, पंतप्रधान नागपुरात दीक्षाभूमीवर येऊन गेले आणि त्याच दिवशी मानकापूरच्या स्टेडियमवर भीम-आधारची सुरुवात झाली. फोन नाही, कार्ड नाही, नुसत्या अंगठ्यावर पैसे देता येतील, अशी ती व्यवस्था. अंगठेबहाद्दर म्हणून ज्यांना आपण हिणवलं त्यांचा अंगठाच आता सही होणार. कार्यक्रम मी टीव्हीवर बघितला. राजकारण काय असेल ते असो, मला त्या पदराच्या गाठीची आठवण झाली.

नोटबंदीबद्दल इथं लिहीत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे पन्नास दिवस काउंटरच्या आतून ज्यांनी बघितले त्यांना ते वेगळं लिहावं लागेल.

यूपीआय त्या आधीच, ११ एप्रिल २०१६ ला सुरू झालं होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर ते मोठं झालं गोकुळपेठच्या बाजारात. तिथं मी जिच्याकडून भाजी घेते तिला वाचता येत नाही. तिच्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांशेजारी आता एक छोटा डबा असतो, तो मराठीतून आकडा बोलतो. पन्नास रुपये आले म्हटलं की ती मान न वळवता पिशवी पुढे करते. सुट्ट्या पैशांची कटकट संपली, आणि दिवसाचा गल्ला घरी नेताना वाटेत दारूच्या दुकानापाशी कमी होणंही थांबलं, असं तीच मला म्हणाली. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात २,००० कोटींवर व्यवहार झाले. इतका मोठा आकडा माझ्या तरी डोक्यात मावत नाही, पण त्या जुडीचे पन्नास रुपये मावतात.

हे चालतं कसं, ते कळल्यावर मला फार आनंद झाला होता, कारण मुळात ते माझ्या ओळखीचंच होतं. क्लार्क असताना मी क्लिअरिंगला जायची. विधानभवनाजवळ रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत. ज्या चौकाला आता संविधान चौक म्हणतात त्याला तेव्हा सगळे आरबीआय चौक म्हणायचे. शहरातल्या सगळ्या बँकांची माणसं चेकचे गठ्ठे घेऊन यायची, एकमेकांना द्यायची. तुमच्या बँकेनं आम्हाला एवढे द्यायचे, आम्ही तुम्हाला एवढे. शेवटी उरलेला फरक तेवढा रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवर इकडचा तिकडे. एकही नोट हलायची नाही. यूपीआयमध्येही नोट हलत नाही. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेची यंत्रणा दोन बँकांना निरोप देते, एकीकडे वजा, एकीकडे जमा, आणि बँकांचा आपसातला फरक दिवसातून कित्येकदा रिझर्व्ह बँकेत मिटतो. आमचीच ती खोली, फक्त कधी न मिटणारी. चेकचंही तेच झालं. चेकच्या खालच्या पट्टीवरचा ४४० हा नागपूरचा आकडा अजून आहे, पण कागद आता प्रवास करत नाही, त्याचा फोटो जातो. बाहेरगावच्या चेकला आम्ही पंधरा दिवस सांगायचो. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसा भरला की संध्याकाळपर्यंत निकाल लागतो.

इतकं सगळं चांगलं झालेलं असताना माझ्या मनात काय खुपतं, ते दोन प्रसंगांतून सांगते.

आमच्या गल्लीत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. एका संध्याकाळी त्यांना फोन आला. तुमचं पेन्शन खात्याचं केवायसी संपलंय, उद्यापासून पेन्शन थांबेल. बोलणारा शुद्ध मराठीत बोलत होता, काकांचं पूर्ण नाव घेत होता. त्यानं व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली, काकांनी ती उघडली, मग आलेला ओटीपी सांगितला. अकरा मिनिटांत तीन व्यवहार, १,८४,००० रुपये. काका माझ्याकडे आले तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं. आम्ही आधी १९३० ला फोन लावला. पैसे गेल्यावर सगळ्यात आधी तिथंच लावायचा असतो, कारण पैसे चोराच्या खात्यातून पुढे निघायच्या आत अडवता आले तरच काही खरं. त्यातले चाळीस हजार एका बँकेत अडकले आणि काही महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत बँकेत गेले. तिथला मुलगा उद्धट नव्हता. पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, “काका, सिस्टिमच्या हिशेबानं व्यवहार बरोबर आहे. फोन तुमचा, सिम तुमचं, ओटीपी तुमचा.” तो चुकीचं बोलत नव्हता. अनधिकृत व्यवहारांबद्दल रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं. त्यात म्हटलं होतं: चूक ग्राहकाचीही नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी पैसे काढलेत आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. पण ओटीपी, पिन ग्राहकानंच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. यंत्रानं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला बरोबर उत्तर मिळालं होतं. यंत्राच्या लेखी तो चोरच काका होता.

घरी येताना काका मला म्हणाले, “ताई, मी आयुष्यात कधी एका दिवसात दहा हजारांवर काढले नाहीत हो. कोणाला तरी विचारावंसं वाटायला पाहिजे होतं.” तेच मलाही म्हणायचं आहे. आमच्या टेबलासमोर ते स्वतः उभे राहून एवढी रक्कम मागते तर कुणीतरी म्हटलं असतं, काका, बसा, पाणी घ्या, कशाला लागतायत एवढे? जुन्या बँकेतही फसवणूक व्हायची. खोट्या सह्या, बेनामी खाती, ओळखीचाच फायदा घेऊन काढलेली कर्जं, सगळं मी पाहिलं आहे. पण म्हातारा माणूस घाबरून पैसे काढतोय, हे काउंटरवरच्या माणसाला त्याच्या हातांवरून कळायचं. व्यवस्था शिकते हेही खरं. एकमेकांकडे पैसे मागायची यूपीआयवरची सोय ठग वापरतात हे दिसल्यावर ती ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली गेली. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं कधी केला नाही असा व्यवहार अचानक होत असेल, तर मध्ये एक जिवंत माणूस थांबवा, एक फोन करा, हे यंत्राला शिकवणं अशक्य नाही. ते महत्त्वाचं आहे असं कुणाला तरी वाटायला हवं.

दुसरा प्रसंग गेल्या हिवाळ्यातला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या सासूबाई रामेश्वरीकडच्या वस्तीत राहतात. आयुष्यभर रेजा म्हणून बांधकामावर राबल्या. नागपुरातल्या कितीतरी इमारतींना त्यांच्या डोक्यावरून सिमेंट गेलेलं आहे. त्यांना श्रावणबाळ पेन्शनचे पैसे येतात. मोबाइलच्या दुकानातल्या बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावून त्या काढायच्या. दोन महिने अंगठा लागेना. मावशी म्हणाल्या, ताई, तुम्ही एकदा चला.

दुकानातला पोरगा चांगला होता. त्यानं मशीनची काच पुसली, आजींचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, थोडी क्रीम लावली, पुन्हा पुसला. काचेखाली लाल दिवा लागायचा आणि स्क्रीनवर तेच, बायोमेट्रिक जुळत नाही. मग दुसरं बोट, तिसरं बोट. दहाही बोटं झाली. मी आजींचा हात हातात घेऊन बघितला. अंगठ्याच्या पेरावर रेघा नव्हत्याच. सिमेंट, चुना आणि घमेल्याच्या काठानं घासून घासून कातडी गुळगुळीत झालेली, नदीतल्या गोट्यासारखी, मधून एक-दोन जुन्या भेगा. पोरगा म्हणाला, “आजी, तुमचं बोट लागूनच नाही राहिलं जी.”

आजी म्हणाल्या, “माहं बोट माह्याच हाताले हाय बाप्पा. आनखी कुठं लावू?”

आम्ही त्यांच्या शाखेत गेलो. माझंही पेन्शन खातं तिथंच आहे. हॉलमध्ये गर्दी होती. पासबुक छापायच्या मशीनवर ‘बंद आहे’ चा कागद. काउंटरवरची अधिकारी सव्वीस-सत्तावीसची, आंध्रातून आलेली, मराठी शिकतेय. तिनं आधी तेच सांगितलं जे तिला सांगायला शिकवलेलं असतं. आधार केंद्रात जाऊन बोटं अपडेट करून आणा. मी म्हटलं, बेटा, बोटांवर रेघाच नाहीत, अपडेट काय करतील? विड्रॉल स्लिप घे. खातेदार पासबुक घेऊन स्वतः समोर उभी आहे, तुझ्या स्क्रीनवर तिचा फोटो आहे, शाईचा अंगठा घे आणि तू साक्षांकित कर. ही रीत बंद झालेली नाही.

तिनं मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर फोनवर होते, त्यांनी मान हलवली. मी तिच्या जागी असते तर मीही बघितलं असतं. तिची दर तीन वर्षांनी बदली होणार. या शाखेत आम्ही पूर्वी जेवढी माणसं असायचो त्याच्या निम्मीही आता नाहीत. तिच्या डोक्यावर विम्याचं टार्गेट, कार्डांचं टार्गेट. कुणाचे हात बघायला तिला वेळ कोण देणार? ओळखायचं काम यंत्राकडे सोपवलं ते ठीक झालं. यंत्र चुकलं तर ओळखायचा अधिकार आणि त्यासाठी लागणारी सवड मात्र माणसाकडून काढून घ्यायला नको होती. ती कुठल्या आदेशानं काढून घेतली गेली नाही, माणसं कमी करता करता आपोआप गेली.

ती मुलगी उठली. काउंटरच्या फळीखालून बाहेर आली, आमच्या बाजूला. शिक्क्याची गादी शोधायला पाच मिनिटं गेली. शिपायानं एक आणून दिली, ती सुकलेली. मी बाटलीतलं पाणी दोन थेंब टाकलं. मुलीनं आजींचा अंगठा धरून गादीवर दाबला, मग स्लिपवर टेकवला आणि हलकेच उचलला. जांभळा गोळा उमटला. त्यात रेघा नव्हत्या, मधून फक्त दोन पांढऱ्या भेगा.

तिनं स्लिप उचलून बघितली, मग आजींच्या चेहऱ्याकडे, मग स्क्रीनवरच्या फोटोकडे.

“मॅडम, तुमचं खातं इथंच आहे ना?” तिनं मला विचारलं. “तुम्ही ओळखता यांना?”

“ओळखते,” मी म्हटलं.

“मग साक्षीदार म्हणून सही करा. खाते क्रमांक पण लिहा.”

मी लिहिला. खाली तिनं सही केली. आजी तोपर्यंत नोटा मोजून घेत होत्या, आणि मोजून झाल्यावर शाईचा अंगठा त्यांनी सवयीनं आपल्या पांढऱ्या केसांत पुसला.